वॉचमन चालतो, नर्स चालतात, मग या दोघी का नाही?

रंकाळ्यावरची
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. कोल्हापूरची राजारामपुरी, पार्किंगमध्ये खुर्च्या, स्टीलच्या किटलीतला चहा, आणि नेहमीप्रमाणे पाऊण तास उशीर. विषय तीन: पाण्याची टाकी, लिफ्टचं मेंटेनन्स आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. फ्लॅटच्या मालकीणबाई पुण्याला मुलाकडे असतात. त्यांना तो दोन मुलींना भाड्याने द्यायचाय. मुली मिझोरामच्या, पंचविशीच्या आतबाहेर, इथल्याच एका पार्लरमध्ये कामाला.

टाकीवर वीस मिनिटं गेली. फ्लॅटवर सव्वा तास.

हरकती अशा होत्या: स्वयंपाकाचा वास येईल. रात्री नऊ-साडेनऊला येतील. आणि तिसरी, आवाज खाली आणून, “अशा मुली कसल्या कसल्या कामात असतात, आपल्याला काय माहीत.” वासाचं ऐकून मला हसूच आलं. ज्या बिल्डिंगमध्ये बुधवारी आणि रविवारी जिन्यावरूनच कळतं कुणाकडे सुकट आहे आणि कुणाकडे तांबडा, तिथे वासाची हरकत!

मी विचारलं, मुली आहेत म्हणून नको का? उत्तर आलं, “छे हो, बी विंगेत गारगोटीच्या दोन नर्स राहतात, रात्रपाळी करून पहाटे येतात, कुणी काय म्हटलंय?” खरं आहे. मग विचारलं, दिसायला वेगळ्या आहेत, लांबच्या आहेत म्हणून का? “काहीतरीच काय! आपला वॉचमन नेपाळी नाही का? बारा वर्षं आहे, गणपतीची वर्गणीसुद्धा देतो.” हेही खरं. दोन्ही उत्तरं खरी, आणि तरी फ्लॅट नाही. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला.

घरी येऊन जेवताना मला एक जुना खटला आठवला. एम.ए.ला असताना वाचलेला. अमेरिकेत मिझुरी राज्यात पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. १९६४ च्या आधी ही कंपनी काळ्या बायकांना कामावर जवळजवळ घेतच नव्हती. पुढे घेतलं, पण सत्तरीच्या दशकात मंदी आली आणि नियम लागला की शेवटी आला तो आधी बाहेर. सगळ्यात शेवटी कोण आलं होतं? ह्याच. कोर्टाने १९७६ मध्ये काय म्हणावं? कंपनीत बायका आधीपासून आहेत, तेव्हा बाई म्हणून भेदभाव नाही. (त्या बायका गोऱ्या होत्या.) आणि काळ्यांवरच्या अन्यायाचं म्हणणं असेल तर तसा दुसरा दावा चालू आहे, त्यात जा. (तिथल्या नोकऱ्या काळ्या पुरुषांच्या.) दोन्ही मिळून तिसरी तक्रार करता येणार नाही, नाहीतर असल्या गटांना अंतच राहणार नाही.

म्हणजे अक्षरशः आमचं पार्किंग. नर्स आहेत की. वॉचमन आहे की.

किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये याच खटल्यावरून मांडणी केली. तिचं उदाहरण चौकाचं आहे. गाड्या चारी बाजूंनी येतात, मधोमध उभ्या बाईला धडक बसली तर ती एका रस्त्यावरून आलेल्या गाडीची असेल किंवा दोन्ही रस्त्यांवरच्या. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी सहाला उभं राहा, बाकी काही समजून घ्यायला नको. या कल्पनेला मराठीत कुणी आंतरछेदिता म्हणतं. मला तो शब्द ऐकला की दहावीची भूमिती आठवते, पण कल्पना सोपी आहे.

आणि माझं स्वतःचंही सांगते. त्या दोघींतल्या एकीकडून मी गेली दोन वर्षं आयब्रो करून घेते. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातात, तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून चार बोटांवर, मी डोळे मिटून कपाळाची कातडी ताणून धरलेली. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, “नावं काय त्यांची?” मला सांगता आलं नाही.

तर माझं म्हणणं असं की आपल्याकडचा स्त्रीवाद अशा ठिकाणी मुका होतो. बाई म्हणून अन्याय झाला तर मोर्चा आहे, जात म्हणून झाला तर संघटना आहे, वंश म्हणून झाला तर तोही शब्द आता लोकांना कळतो. तिन्हींच्या मध्ये पडलेल्या बाईसाठी कोण येतं?

तांबडा रस्सा
काय ओ ताई, फ्लॅटचा विषय थेट अमेरिकेला नेलासा! मी पण एका सोसायटीचा चेअरमन आहे, शाहूपुरीत. आमच्यात सांगलीच्या चार पोरांना नाही म्हटलं. का? बॅचलर म्हणून. मराठी, मराठा, ओळखीच्या माणसाची पोरं. तो पण वंशवाद का? लोकांना भीती असते. शेजारी कोण येणार, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, भांडणं झाली तर कुणाला फोन करायचा. गारगोटीच्या नर्सचा बाप उद्या एसटीनं येईल. मिझोरामहून कोण येणार?

आणि तुमचं ते तीन रस्त्यांचं गणित मला पटलं नाही. आज म्हणाल बाई अधिक वंश. उद्या बाई अधिक वंश अधिक गरीब. परवा त्यात विधवा, मग अपंग, मग भाडेकरू. असं करत गेलं तर शेवटी प्रत्येक माणूस एकटाच एक गट. त्या कोर्टानं बरोबरच सांगितलं की.

रंकाळ्यावरची
सांगलीच्या मुलांना नाकारलं ते चूकच, पण त्यांच्याबद्दल कुणी “कसल्या कामात असतात” असं आवाज खाली आणून म्हटलं का? तिथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. मुलाला नाकारताना म्हणतात दंगा करेल. गारगोटीच्या मुलीला म्हणतात, जपून राहा गं बाई. आणि मिझोरामच्या मुलीला म्हणतात, ही धंदा करत असेल. ही तिसरी शंका ना नुसतं बाईपण बघून येते, ना नुसता चेहरा बघून. तुमच्या गणितात बेरीज आहे. मी म्हणते ते दूध नासण्यासारखं आहे. दूध आणि लिंबू वेगवेगळे ठेवले तर काहीच होत नाही.

तांबडा रस्सा
उदाहरण चांगलंय. पण मला धंद्याच्या शंकेत वंश दिसत नाही, पार्लर दिसतं. दुर्दैवानं त्या धंद्याचं नाव खराब झालंय. गावातली मुलगी स्पामध्ये कामाला असती तरी लोक तेच बोलले असते.

वकीलीणबाई
गावातली मुलगी स्पात असती तर लोक तिच्या बापाबद्दल बोलले असते, साहेब. असो, कायद्याचं थोडं बोलते, कारण वर कोर्ट आलंय.

पहिली गोष्ट सोसायटीची. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कळवावं लागतं, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना कळवल्याचा कागद द्यावा लागतो. म्हणजे तुमच्या मीटिंगने सव्वा तास ज्यावर घालवला तो विषय मुळात मंजुरीचा नव्हताच. (इमारत सोसायटी आहे की नुसतं अपार्टमेंट, हे आधी तपासा. दोन्हींचे कायदे वेगळे, आणि आपल्याकडे लोक दोन्हीला सोसायटीच म्हणतात.)

दुसरी गोष्ट. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या बरोबरीने ‘वंश’ हा शब्द स्पष्ट आहे. पण ते कलम राज्यसंस्थेला बांधतं, तुमच्या पार्किंगला नाही. शिवाय त्यात ‘केवळ’ असा एक शब्द आहे. केवळ या कारणांवरून भेदभाव नको. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाईसुंदरींनी दावा केला, आम्हाला पुरुषांपेक्षा आधी निवृत्त का करता? सुप्रीम कोर्टाने नोकरीला चार वर्षं व्हायच्या आत लग्न केलं तर काढायचा नियम मान्य केला, पहिल्याच गरोदरपणात काढायचा नियम रद्द केला, पण लिंगाच्या मुद्द्यावर म्हणालं की फरक ‘केवळ’ बाई म्हणून नाही, सेवाशर्तींसारखी इतर कारणंही आहेत. एक जास्तीचं कारण चिकटवलं की भेदभाव पुसला गेला, अशी ही युक्ती. तांबडा रस्सा साहेबांनी वर पार्लर चिकटवलं, ते त्याच जातीचं.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात झोंबते. आंध्रमधली जन्मांध, अनुसूचित जातीची मुलगी. ओळखीच्याच माणसाने बलात्कार केला. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, क्रेनशॉबाईंच्या मांडणीचा उल्लेख करून पानंच्या पानं लिहिली, की बाई असणं, दलित असणं आणि अंध असणं वेगवेगळं काढून बघता येत नाही. जन्मठेप कायम ठेवली. आणि अॅट्रॉसिटीचं कलम? ते उडालं. कारण गुन्हा घडला तेव्हा कायद्यात शब्द होते ‘जातीच्या कारणावरून’, आणि तेवढं सिद्ध झालं नाही. (२०१६ पासून दुरुस्ती लागू आहे, आता पीडितेची जात माहीत होती एवढं पुरतं.) समजलेलं सगळं होतं, पण कलमात बसवायला जागा नव्हती.

निवृत्त मास्तर
चर्चा उत्तम चालली आहे. तरी एक आक्षेप नोंदवतो.

आपण कोल्हापूरकर. आपल्याला समता शिकायला मिझुरीच्या कोर्टात जावं लागावं, याचं मला वाईट वाटतं. २६ जुलै १९०२ ला याच संस्थानात मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या गेल्या. १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद, तिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. एवढं घरात असताना परदेशी परिभाषा कशाला?

शिवाय वंश आणि जात यांची गल्लत होते आहे. बाबासाहेबांनीच जात म्हणजे वंशभेद हे म्हणणं खोडून काढलं आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचा वंश एक कसा, असं त्यांनी विचारलं होतं. अमेरिकेत रंग डोळ्यांना दिसतो. इथे आडनाव विचारावं लागतं. रोग वेगळा, तर औषध तेच कसं चालेल?

सुभाषनगरची
मास्तर, नमस्कार. आडनाव विचारावं लागतं म्हणालात. आमचं विचारावं लागत नाही, आमची गल्ली सांगितली की पुरतं.

आमचं घर चपलांचं. चार पिढ्या. कातडं कापणं, तळ शिवणं, ठोकणं हे वडील आणि काका. वेणी घालणं आज्जी, आई आणि मी. वेणी म्हणजे पट्ट्यावरची ती बारीक गुंफण. चामड्याच्या अगदी अरुंद पट्ट्या भिजवायच्या, एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, ताण सोडायचा नाही आणि विणत जायचं. ताण सुटला की सगळी उसवायची. आज्जीच्या अंगठ्याला खाच पडली आहे, लग्नातल्या जोडव्यासारखी. चप्पल दुकानात ‘अमुक यांची’ म्हणून विकली जाते आणि ते अमुक कायम बाप्या माणूस असतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आपल्याकडच्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मॉडेलांच्या पायात तसल्याच चपला घातल्या, मग घरी पत्रकार आले. वडिलांशी बोलले. काकांशी बोलले. आज्जीचा फोटो काढला, पण हातांचा. तिचं नाव विचारलं नाही.

महिला मेळाव्यात गेलं की मी ‘चर्मकार भगिनी’. समाजाच्या बैठकीत गेलं की मी ‘महिला आघाडी’. मला फ्लॅटची गोष्ट लगेच कळली.

आता परदेशी म्हणाल तर, १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने निबंध लिहिला. फुल्यांच्या शाळेतली मुलगी. ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला. त्यात ती मांग-महारांचं दुःख सांगते, आणि सांगता सांगता लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात किती हाल होतात. हे जातीचं दुःख की बाईचं? ती निवडत बसली नाही. क्रेनशॉबाईंच्या १३४ वर्षं आधी. तेव्हा मास्तरांचं अर्धं बरोबर, आमच्याकडे होतंच. पण मग ते तुमच्या महिला दिनाच्या भाषणात का नव्हतं, ते पण सांगा. मला मुक्ता साळवे शाळेत भेटली नाही. समाजाच्या एका शिबिरात भेटली.

महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. ज्या पोरी देवाला सोडल्या जायच्या त्या कुठल्या घरातल्या असायच्या हे सगळ्या गावाला माहीत. तो कायदा बाईसाठी होता का जातीसाठी?

निवृत्त मास्तर
प्रश्न योग्य आहे. मुक्ता साळवे मी वर्गात शिकवली नाही, हे कबूल करतो. अभ्यासक्रमात नव्हती, हे कारण नाही.

पण परिभाषेबद्दलचा आक्षेप कायम आहे.

रंकाळ्यावरची
मास्तर, परिभाषेची देवघेव नवी नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी छापली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून, मराठीत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेला अर्ज मागवला. जात आणि वंश एक नाहीत हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी पत्र पाठवलं.

आणि या दोन मुलींच्या बाबतीत तर जातीचा प्रश्नच नाही. गल्लीतली पोरं त्यांना ‘चायनीज’ म्हणून हाक मारतात. आडनाव कुणी विचारत नाही. नेपाळचा वॉचमन आपला, आणि भारताच्या नागरिक असलेल्या मुलींकडे मीटिंगमध्ये पासपोर्ट मागा म्हणाले! याला वंश सोडून दुसरा शब्द असेल तर द्या.

लाटणंवाली
मी उशिरा आले, वाचून काढलं. वय त्र्याहत्तर, चळवळीत पन्नास वर्षं. महागाईच्या मोर्चात लाटणं घेऊन चालले आहे, दारूदुकान बंद करायला रात्र रात्र बसले आहे. म्हणून जरा कडक लिहिते, राग मानू नका.

मुलींना फ्लॅट मिळालाच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. वाद पुढच्या गोष्टीवर आहे. तुम्ही लोक बायकांची वाटणी करताय. आम्ही १९८० च्या आठ मार्चला रस्त्यावर उतरलो ते मथुरा नावाच्या मुलीच्या प्रकरणावर. पोलीस ठाण्यात मुलीवर बलात्कार होतो, सुप्रीम कोर्ट दोन पोलिसांना सोडतं, अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती धरतं. चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघड पत्र लिहिलं आणि देशभर बायका उठल्या. ब्राह्मण, मराठा, दलित, मुसलमान, कुणी कुणाला विचारलं नाही. १९८३ मध्ये कायदा बदलला. तो बदलला कारण आम्ही ‘बाई’ म्हणून उभ्या राहिलो. त्या दिवशी प्रत्येकीने आपापला चौक मांडला असता तर पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचलो नसतो.

आज मी पाहते, दहा बायका जमल्या की आधी कोण कुणापेक्षा जास्त पीडित याचा हिशेब होतो. दारूदुकानदार मजेत.

सुभाषनगरची
काकू, तुमच्या मोर्चात माझी आत्या होती. बिंदू चौकात. त्याचा अभिमान आहे.

पण मथुरा कोण होती? आदिवासी. आईबाप नसलेली, मजुरी करणारी, भावाबरोबर राहणारी. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात रात्री तिला थांबवून घ्यायची हिंमत झाली ती नुसती बाई म्हणून झाली का? तहसीलदाराच्या मुलीला थांबवली असती का? कायदा बदलला तो सगळ्या बायकांसाठी बदलला, चांगलंच झालं. पण तिचं आदिवासी असणं त्या मोर्चाच्या फलकावर कुठे होतं?

परत तेच भंवरीदेवीचं. राजस्थानातल्या कुंभार समाजातल्या, साथीन म्हणजे सरकारी योजनेतली गावची कार्यकर्ती म्हणून बालविवाह रोखायचं काम करणाऱ्या. १९९२ मध्ये गावातल्या वरच्या जातीच्या लोकांनी बलात्कार करून सूड घेतला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपी सोडले, वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावतील असं त्यांना वाटेना. त्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा सूचना आल्या, त्यातून २०१३ चा कायदा. आज बँकेत, आयटीत, कॉलेजात ज्या समित्या आहेत त्या तिच्यामुळे. एसीत बसणाऱ्या किती जणींना तिचं नाव माहीत आहे?

तुम्ही म्हणता आम्ही वाटणी करतो. काकू, वाटणी झालेलीच आहे. आमच्या हिश्श्याला दुःख आलं, तुमच्या हिश्श्याला कायदा.

लाटणंवाली
हे शेवटचं वाक्य अन्यायाचं आहे. माझ्या हिश्श्याला लाठी पण आली होती. डावं मनगट अजून पावसाळ्यात दुखतं.

बाकी खरं आहे. फलकावर आदिवासी लिहिलं नव्हतं. मला आठवतं, कुणीतरी सुचवलं होतं, आणि मीच म्हटलं होतं की विषय फाटतो.

रंकाळ्यावरची
काकू, विषय फाटतो हे वाक्य जुनं आहे. ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी बायकांचा मोठा मोर्चा निघाला. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून काळ्या बायकांना सांगितलं, तुम्ही शेवटी चाला. आयडा वेल्स या पत्रकार बाईने ऐकलं नाही. ती बघ्यांच्या गर्दीत थांबली आणि आपल्या इलिनॉय राज्याची तुकडी आली तशी मध्येच शिरून तिच्याबरोबर चालू लागली. मोर्चा फाटला नाही.

तांबडा रस्सा
सगळं वाचतोय मी. काही काही पटतंय, खोटं कशाला बोलू. पण एक सांगा. तुम्ही सगळ्या शिकलेल्या. आमची आई, तिसरी पास, मीटिंगला असती तर ती पण म्हटली असती नको बाई त्या पोरी. ती वंशवादी? तिनं जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. असले मोठे शब्द तिच्या अंगावर टाकले की माणूस ऐकायचं सोडून देतो. कोल्हापुरात बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, पुण्याची माणसं हसतात. म्हणून काय त्या पुरुष झाल्या? शब्दावरून माणूस ठरवू नका एवढंच.

वकीलीणबाई
मी पण घरी ‘जातो’च म्हणतो! आणि सासरी अजून तरी कुणी मला गादीवर बसवून चहा दिलेला नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा मान्य, शब्दाने काही होत नाही.

पण नेमका शब्द नसला तर काय होतं त्याचं एक उदाहरण देते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला, त्याच्या दिसण्यावरून झालेल्या भांडणात, मारहाण होऊन त्याचा जीव गेला. केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. समितीने भारतीय दंडसंहितेत दोन नवी कलमं सुचवली, त्यातलं एक होतं ५०९अ: वंशावरून अपमान करणारे शब्द किंवा हावभाव. आता गंमत बघा. मूळ ५०९ होतं बाईच्या अब्रूचं. नवं ५०९अ वंशाचं. शेजारी शेजारी घरं, मधे भिंत. आणि ते नवं घर बांधलंच गेलं नाही. दंडसंहिता जाऊन जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, तिच्यातही नाही. रस्त्यात कुणी त्या मुलीला ‘चायनीज, रेट काय?’ म्हटलं तर मी तक्रार बाईच्या अब्रूच्या कलमाखालीच लिहून देणार. त्या वाक्यातला पहिला शब्द माझ्या अर्जात कुठेच बसणार नाही.

तुमच्या आईंना कुणी काही म्हणत नाही, साहेब. त्या मुली त्यांच्या शेजारी राहायला आल्या तर महिन्याभरात त्याच त्यांना भाकरी थापायला शिकवतील.

तांबडा रस्सा
शिकवतीलही. आणि मटणात मसाला कमी पडला म्हणून शिव्या पण घालतील.

बरं, उपविधीचा तो नंबर पाठवा. आमच्या सोसायटीतलं ते बॅचलरांचं प्रकरण मला परत बघायला लागणार असं दिसतंय.

निवृत्त मास्तर
परवानगी लागत नसेल, तर पुढची मीटिंग कशासाठी आहे?

रंकाळ्यावरची
तेच मी सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, “कायद्याने लागत नसेल, पण चार लोकांचं मन राखायला लागतं.”

सुभाषनगरची
मीटिंगला त्या दोघींना बोलावलंय का?

रंकाळ्यावरची
नव्हतं. काल पार्लरमध्ये गेले, आधी नाव विचारलं, मग निरोप दिला. दोरा तोंडातून काढून तिने सांगितलं की रविवारी लग्नाच्या बुकिंग असतात, सुट्टी मंगळवारी. सेक्रेटरींना मीटिंग मंगळवारी ठेवायला कळवलंय. अजून त्यांचा फोन नाही.